गांधीनगरला तीन रात्री राहण्यासारखं काय आहे?

अमळनेरच्या एका ताईंचा प्रश्न आहे. डिसेंबरात सुरतला, उधन्यात नात्यातलं लग्न आहे, रविवारचं. पुढचे तीन-चार दिवस मोकळे. सोबत सासू-सासरे, दोघंही साठीच्या पुढचे, आणि पाचवीतला मुलगा. अहमदाबादची गर्दी सासऱ्यांना झेपणार नाही, म्हणून गांधीनगरला मुक्काम टाकावा असं त्यांच्या मनात आहे. पण ज्याला विचारावं तो म्हणतो, "तठे काय शे? रुंद रस्ते अन् झाडं. अक्षरधाम बघा अन् या परत." हे खरं आहे का, आणि राहायचंच तर कसं, एवढं त्यांना हवंय.

ताई, मी जळगावातून बरीच वर्षं लहान लहान सहली काढतो. गुजरात आपल्याला जवळ, त्यामुळे वर्षातले निम्मे गट तिकडेच जातात. तुमच्यासारख्या कुटुंबाला मी गांधीनगरला तीन रात्री राहायलाच सांगेन. अट एकच: आठवड्याचा वार बघून दिवस लावायचे. लग्न रविवारी म्हणजे तुम्ही साहजिकच सोमवारी सुरतहून निघणार, आणि गांधीनगरचा घात नेमका सोमवारी होतो. अक्षरधाम सोमवारी बंद, दांडी कुटीर हे गांधीजींचं संग्रहालय सोमवारी बंद. भुसावळचा एक गट एकदा स्वतःच्या गाडीने परस्पर गेला होता. सोमवारी दुपारी अक्षरधामच्या बंद फाटकावरून मला फोन, "भाऊ, इथं तर कुलूप आहे!" मंडळी तशीच अहमदाबादला गेली आणि आजही कोणी विचारलं की सांगतात, गांधीनगरात काही नाही. तुम्ही सोमवार प्रवासाला ठेवा. दुपारी पोहोचायचं, आराम करायचा, संध्याकाळी पाय मोकळे करायचे. मंगळवार-बुधवार बघण्याचे.

आता हे गाव रिकामं का वाटतं ते सांगतो. ते कळलं की बघायचं कसं तेही कळतं.

१ मे १९६० ला मुंबई राज्याची दोन राज्यं झाली. आपल्याला मुंबई मिळाली, गुजरातचा कारभार अहमदाबादमधून सुरू झाला. नवी राजधानी साबरमतीच्या पश्चिम काठावर, मोकळ्या रानात उभी करायची ठरलं. १९६५ मध्ये काम सुरू झालं आणि १९७० मध्ये सरकार तिकडे हललं. त्या वेळी अमेरिकन वास्तुकार लुई कान अहमदाबादला आयआयएमचं काम करत होते, त्यांचंही नाव राजधानीसाठी चर्चेत होतं. पण गांधीजींच्या नावाचं शहर आपल्याच माणसांनी आखावं असं ठरलं आणि काम एच. के. मेवाडा आणि प्रकाश आपटे यांच्याकडे आलं. चंदीगडसारखा परदेशी मोठा वास्तुकार इथे नाही, म्हणून या शहराला त्याच्यासारखं वलयही नाही. मला व्यक्तिशः आपट्यांचं काम जास्त माणसातलं वाटतं, पण तो वाद इथे नको.

त्यांनी शहर दीड लाख वस्तीसाठी आखलं, आणि वस्तीत मुख्यतः सरकारी नोकरच असणार हे धरून. एकूण तीस सेक्टर. प्रत्येक सेक्टर साधारण एक किलोमीटर लांब आणि पाऊण किलोमीटर रुंद. शाळा, दुकानं, बाग, दवाखाना ज्याच्या त्याच्या सेक्टरात, पोराला शाळेत जायला मोठा रस्ता ओलांडावा लागू नये असा हिशोब. त्यामुळे घरांची तोंडं आत आणि पाठ मोठ्या रस्त्याला. तुम्ही गाडीतून मुख्य रस्त्याने फिराल तर दोन्ही बाजूंना कडुनिंब, गुलमोहर आणि मध्येच एखादी भिंत, एवढंच दिसेल. पाहुणा तासभर असा फिरतो आणि म्हणतो, गाव कुठे आहे? गाव झाडांच्या मागे असतं. आपल्याकडे गावात शिरलं की चौक लागतो, चौकात पाराशी माणसं, लगेच सगळं समोर. गांधीनगरात सेक्टरच्या आत वळल्याशिवाय काहीच समोर येत नाही. आणि बहुतेक सहलीच्या बसगाड्या आत वळत नाहीत.

रस्त्यांची नावं मात्र आपल्या फायद्याची. एका दिशेने जाणारे मोठे रस्ते क, ख, ग, घ, च, छ, ज. त्यांना छेदणारे १ ते ७. दोन रस्ते मिळतात ते सर्कल म्हणजे घ-४, च-३ वगैरे. शून्यसुद्धा आहे, च-० म्हणून. रिक्षावाल्याला पत्ता सांगताना "सेक्टर २१, घ-५ च्या बाजूला" असं सांगितलं की काम झालं. गुजराती अक्षरं आपल्याला थोडी डोळे बारीक करून वाचता येतातच, शिरोरेषा तेवढी नसते. तुमच्या मुलाला पहिल्याच संध्याकाळी नकाशा हातात द्या आणि पुढचं सर्कल कोणतं येणार ते ओळखायला लावा. अर्ध्या तासात तो तुम्हाला रस्ता सांगायला लागेल. म्हातारी माणसंही या गावात चुकत नाहीत, आणि चुकली तरी पुढच्या सर्कलला पाटी असते. आणखी एक गंमत त्याला दाखवा: हे रस्ते सरळ पूर्व-पश्चिम नाहीत, तिरके आहेत. सकाळी कचेरीत जाताना आणि संध्याकाळी परतताना ऊन थेट डोळ्यांत जाऊ नये म्हणून ते मुद्दाम तसे आखलेत. भुसावळच्या उन्हात हे कोणी केलं असतं तर आपण त्याचा पुतळा उभारला असता.

मुक्काम कुठे करायचा? इथे दोन गांधीनगरं आहेत हे ध्यानात घ्या. एक जुनं, सेक्टरांचं. दुसरं कुडासण, सरगासण, रायसण या बाजूंना गेल्या काही वर्षांत उभं राहिलेलं: उंच इमारती, मॉल, कॅफे, रात्री उशिरापर्यंत पोरांची गर्दी. ऑनलाइन हॉटेल शोधलं की बरीच या दुसऱ्या भागातली निघतात, कारण तीच नवी आणि चकचकीत. खायची-प्यायची सोय तिथे उत्तम. पण शांत राजधानी बघायला म्हणून जायचं आणि कुडासणच्या हमरस्त्यावर राहायचं यात मतलब नाही. सासू-सासऱ्यांसाठी सेक्टर ११, १६, २१ च्या आसपास साधं, स्वच्छ, लिफ्ट असलेलं हॉटेल बघा. खाली उतरलं की बाग जवळ, बाजार जवळ. रेल्वे स्टेशनच्या डोक्यावरच एक पंचतारांकित हॉटेल आहे. २०२१ मध्ये नवं स्टेशन झालं तेव्हा रुळांच्या वरच ते बांधलं. परवडत असेल तर एक रात्र घ्या, नाही तर खालून बघा, बघण्यासारखं आहेच.

मंगळवारची सकाळ मी सेक्टरात पायी फिरायला ठेवेन. डिसेंबरात सात वाजता तिथे चांगली थंडी असते, स्वेटर लागतो. जुन्या सेक्टरात शिरा, आतल्या रस्त्याने चाला. सरकारी क्वार्टरांच्या रांगा, दोन मजली, पिवळट रंग उडालेल्या. अंगणात तुळस, दोरीवर कपडे, फाटकाला दुधाची पिशवी अडकवलेली. मागून पायवाट निघते ती थेट बागेत जाते, तिथे निवृत्त मंडळी गोल करून बसलेली. सेक्टरच्या दुकानांच्या रांगेत एक चहाची टपरी हमखास असते आणि तिथे बाबूलोक साडेनऊ-दहापर्यंत गप्पा मारत उभे. बोलायला लागलात तर कळतं की कोणी मेहसाण्याचा, कोणी भावनगरचा, बदलीने आलेला आणि इथेच राहिलेला. मूळचा इथलाच असा माणूस शोधावा लागतो. तुमचे सासरे नोकरीतून निवृत्त असतील तर या टपरीवरून त्यांना उठवणं अवघड जाईल. जुन्या क्वार्टरी आता ठिकठिकाणी पाडून तिथे उंच इमारती उभ्या राहतायत, त्यामुळे हे चित्र जेवढं लवकर बघाल तेवढं चांगलं.

सरकारी कचेऱ्यांची वेळ सकाळी साडेदहा ते संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं. निम्मे लोक अहमदाबादहून ये-जा करतात. म्हणून सकाळी दहाच्या सुमारास आणि संध्याकाळी सहानंतर रस्ते थोडे भरतात, बाकी वेळ मोकळे. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी आणि रविवारी तर गाव झोपलेलंच. तुम्ही कामाच्या दिवशी जाताय हे बरं आहे, सचिवालयाच्या बाजूला थोडी वर्दळ दिसेल. विधानसभेच्या इमारतीचं नाव विठ्ठलभाई पटेल भवन. हे विठ्ठलभाई म्हणजे सरदारांचे थोरले बंधू, केंद्रीय विधिमंडळाचे पहिले निवडून आलेले भारतीय अध्यक्ष. आत जायला परवानगी लागते, त्या भानगडीत पडू नका, बाहेरून बघा.

दुपारी दांडी कुटीर. महात्मा मंदिर या संमेलन केंद्राच्या आवारात मिठाच्या ढिगासारखी पांढरी घुमटाकार इमारत आहे, उंची ४१ मीटर. आतलं संग्रहालय २०१५ मध्ये सुरू झालं. कानाला यंत्र लावून वरून खाली उतरत गांधीजींचं आयुष्य बघायचं असतं. पडदे, प्रकाश, हलती दृश्यं, सगळं तंत्रावर. मुलाला आवडेल. तुम्ही जळगावच्या जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ बघितलं असेलच. २०१२ मध्ये प्रतिभाताईंच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं होतं. ते बघितलेल्या माणसाला दांडी कुटीरमध्ये वाचायला कमी आणि बघायला जास्त वाटतं. माझ्या गटातले मास्तर लोक गांधीतीर्थाला झुकतं माप देतात, मुलं दांडी कुटीरला. दीड-दोन तास धरा, आणि सासूबाईंना पायऱ्यांचा त्रास असेल तर तिकीट घेतानाच लिफ्टचं विचारून घ्या.

गांधी आणि नव्याने वसवलेलं गाव हा विषय निघाला की मला आपलं फैजपूर आठवतं. १९३६ च्या डिसेंबरात तिथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष नेहरू. त्यासाठी शेतात टिळकनगर नावाची वस्ती उभी केली आणि शांतिनिकेतनचे नंदलाल बोस यांनी तिची सजावट बांबू आणि गावात मिळणाऱ्या सामानातून केली. काही दिवसांचं गाव होतं ते, अधिवेशन झालं आणि उठलं. गांधीनगरची काँक्रीटची सचिवालयं बघताना तुमच्या सासऱ्यांना हे सांगून बघा, गप्पांना विषय मिळेल.

मुलासाठी इंद्रोडा चुकवू नका. नदीकाठी डायनासोर आणि जीवाश्मांचं उद्यान आहे, सोबत प्राणी आणि वनस्पतीही. गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोलीला डायनासोरची हाडं आणि अंडी मोठ्या संख्येने सापडली. इथे त्यातल्या अश्मीभूत अंड्यांसमोर मुलगा उभा राहिला की त्याला दगड आणि अंडं यातला फरक विचारा, तो बराच वेळ तिथून हलणार नाही. बाहेर झाडीत सिमेंटचे मोठाले डायनासोर उभे आहेत, रंग उडालेले असले तरी फोटोला चालतात. निळ्या देवमाशाचा सांगाडाही आहे. चालणं बरंच होतं, म्हणून सकाळी उन्हाआधी जा आणि म्हाताऱ्यांना सावलीत बाकावर बसवा. हे बुधवारी सकाळी बसेल.

अक्षरधाम बुधवारी दुपारनंतर. ज रोडवर, सेक्टर २० मध्ये. याबद्दल सगळ्यांना माहीत असतं म्हणून फक्त उपयोगाचं सांगतो. मोबाईल, कॅमेरा, पॉवर बँक, बॅग काहीही आत नेता येत नाही, सगळं बाहेर जमा करावं लागतं. २४ सप्टेंबर २००२ ला इथे दहशतवादी हल्ला झाला होता, तेव्हापासून तपासणी कडक आहे आणि तिथल्या लोकांशी हुज्जत घालण्यात अर्थ नाही. फोन हॉटेलातच ठेवून गेलात तर रांगेतला अर्धा तास वाचतो. फक्त आत शिरण्याआधी सगळ्यांनी एक ठिकाण आणि वेळ ठरवून घ्या, कारण आत चुकामूक झाली तर फोन नसतो. तोकडे कपडे नकोत. १९९२ मध्ये उघडलेलं मंदिर गुलाबी वालुकाश्माचं आहे, बांधकामात लोखंड वापरलेलं नाही. चारच्या सुमारास ऊन कलायला लागतं तेव्हा तो दगड सर्वांत छान दिसतो. अंधार पडल्यावर सत्-चित्-आनंद हा पाण्याचा खेळ होतो, नचिकेताची गोष्ट. त्याचं तिकीट वेगळं आणि वेळ ऋतूप्रमाणे बदलते, आत गेल्यागेल्या विचारा. पाणी, आग, आवाज, सगळं मोठ्याने असतं. लहान मुलांना दचकायला होतं, पाचवीतल्याला मजा येईल. थंडीत बाहेर बसावं लागतं, शाल हाताशी असू द्या. यासाठीच गांधीनगरला मुक्काम हवा असं मी म्हणतो. अहमदाबादहून आलेले लोक खेळ संपल्यावर गाड्यांच्या गर्दीत अडकतात, तुम्ही दहा मिनिटांत खोलीवर असता.

अडालजची वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, राहिली. गांधीनगर आणि अहमदाबादच्या मध्ये आहे, गांधीनगरहून अगदी जवळ. आपल्याकडे खानदेशात जुन्या बारवा आहेत, त्यामुळे "विहीर काय बघायची" असं सासरे म्हणतील. त्यांना तरीही न्या. १४९९ च्या सुमाराची, राणी रुडाबाईने पूर्ण करवलेली, पाच मजले खोल. वाघेला राजाने काम सुरू केलं, तो महमूद बेगड्याशी लढताना पडला आणि राणीने वाव पूर्ण होईपर्यंत सुलतानाला थांबवून मग त्यात उडी घेतली अशी आख्यायिका तिथला प्रत्येक माणूस सांगतो. गोष्ट खरी असो नसो, काम बघा. तीन बाजूंनी पायऱ्या येतात आणि पहिल्या तळमजल्यावरच्या चौकात मिळतात. तिथे उभं राहून वर बघितलं तर अष्टकोनी आभाळ दिसतं. भर दुपारी जा असं मी सांगतो, लोक हसतात. पण ऊन डोक्यावर असलं तरच उजेड खालच्या मजल्यांपर्यंत पोहोचतो आणि खांबांवरचं कोरीवकाम, वेलबुट्टी, हत्ती, कोनाडे उठून दिसतात. सकाळी सगळं काळोखं. वर कितीही ऊन असलं तरी पायऱ्यांवर दोन मजले खाली गेलं की अंगाला गारवा लागतो. सासूबाई खाली न उतरता वरच्या टप्प्यावर बसल्या तरी त्यांना अर्धं दिसतं. वावेला साप्ताहिक सुट्टी नाही, त्यामुळे सोमवारी अहमदाबादच्या बाजूने गांधीनगरला येतानाच वाटेत ती उरकता येईल, फक्त उजेड असताना पोहोचायला हवं. नाही जमलं तर परतीच्या दिवशी.

तुमच्या ओळखीत जैन मंडळी असतील तर त्यांच्यासाठी कोबा आणि महुडी सांगून ठेवतो. कोबा गांधीनगर–अहमदाबाद रस्त्यावर, जैन हस्तलिखितांचा फार मोठा संग्रह तिथे आहे. तिथल्या देरासरात (जैन देवळात) दरवर्षी २२ मे ला दुपारी २ वाजून ७ मिनिटांनी सूर्याचा किरण महावीरांच्या मूर्तीच्या कपाळावर पडतो अशी रचना केलेली आहे. महुडी पुढे तासाभराच्या वाटेवर. घंटाकर्णाला सुखडीचा नैवेद्य, आणि ती सुखडी देवळाच्या आवारातच संपवायची, बाहेर न्यायची नाही.

खाण्याचं. आपल्या माणसांची तक्रार ठरलेली: डाळ गोड, भाजी गोड, कढी गोड. दोन दिवस चालतं, तिसऱ्या दिवशी सासरे ठेचा मागतात. घरून लसणाची चटणी आणि लोणच्याची छोटी बरणी न्या, कोणी काही म्हणत नाही. सकाळी गाठिया, फाफडा, सोबत कच्च्या पपईचा संभारा आणि तळलेली मिरची, हे मात्र खाच. सेक्टर २१ च्या बाजारात नाश्त्यापासून थाळीपर्यंत सगळं मिळतं आणि रात्री बसायलाही बरं. जेवण लवकर उरका. सेक्टरांच्या भागात रात्री दहानंतर दुकानं मिटायला लागतात, नंतर कुडासणला जावं लागतं.

फिरायला रिक्षा आहेत, पण हात केला की थांबली असं होत नाही, कारण रस्त्यावर असतातच कमी. ॲपवरून बोलवा किंवा एक रिक्षावाला दिवसभरासाठी ठरवून टाका, म्हाताऱ्यांसोबत तेच सोयीचं. नकाशावर "जवळच" दिसणारं ठिकाण चालत जायला जाऊ नका. सर्कल ते सर्कल जवळजवळ किलोमीटर पडतं, ते चालताना कळतं. अहमदाबादला जायचं तर आता मेट्रो आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये मोटेराहून सेक्टर १ पर्यंत ती सुरू झाली आणि मग आणखी आत आली. सामान नसेल तर बेस्ट. सामान आणि ज्येष्ठ असतील तर सरळ टॅक्सी.

सुरतहून जाताना मुंबई–गांधीनगर वंदे भारत बघा. ती सुरतला थांबते आणि थेट गांधीनगर कॅपिटल स्टेशनवर सोडते, अहमदाबादला चढ-उतर नाही. आठवड्यातून एक दिवस ती नसते, तो वार बुकिंग करताना तपासा. सकाळची गाडी आहे, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांना वेळेत उठवणं तुमच्याकडे लागलं. गाडी दुपारी पोहोचवते. लग्नघरातून कोणाची चारचाकी मिळत असेल तर सुरत–बडोदा महामार्ग आणि पुढे एक्स्प्रेस वे आहे, पण पाच-सहा तास बसून सासूबाईंचे गुडघे धरतील. मी रेल्वेच सांगेन.

एक गोष्ट पुरुष मंडळींच्या कानावर घाला. गुजरातेत दारूबंदी आहे. लग्नात कोणी उत्साहात नवापूरहून पलीकडे काही नेलं तर सोनगडच्या पुढे गाडी उघडून बघतात आणि मग लग्न बाजूला राहतं. रस्त्याने येणाऱ्या वऱ्हाडाला कोंडाईबारी घाट उतरण्याआधीच डिकी तपासायला सांगा.

कोणी म्हणेल, आखीव राजधानीच बघायची तर चंदीगड का नाही? मुलगा दहावी झाला की मोठ्या सुट्टीत जा. तिथला कॅपिटॉल कॉम्प्लेक्स २०१६ पासून जागतिक वारशात आहे, रॉक गार्डन आहे, सुखना तलाव आहे, आणि भुसावळहून उत्तरेकडच्या गाड्या भरपूर. पण लग्नाला जोडून चार दिवसांत ते होत नाही. आणि चंदीगड आता शांत राहिलेलं नाही. नवा रायपूरही मी दाखवलाय, रस्ते त्याहून रुंद, माणसं त्याहून कमी, अजून थोडी वर्षं जाऊ द्या.

गुरुवारी सकाळी खोली सोडा, अडालज राहिली असेल तर दुपारी ती, मग अहमदाबादला साबरमती आश्रम. आश्रमात सध्या नूतनीकरणाची कामं चालू असतात, त्यामुळे कुठला भाग उघडा आहे ते तिथे गेल्यावर बघा. संध्याकाळी स्टेशनजवळ जेवून रात्रीची नवजीवन एक्स्प्रेस धरली की पहाटे खानदेशात. डिसेंबरात त्या गाडीला गर्दी असते, खालचे दोन बर्थ ज्येष्ठांसाठी हवेत, तेव्हा लग्नाची पत्रिका हातात आली त्या दिवशीच परतीचं तिकीट काढा. जाण्याचं नंतर काढलं तरी चालेल, परतीचं नाही.